गुडघे टेकणार नाही

छोदांग, गांगनुंग
२१ ऑक्टोबर १९९१

मुजिन,

एरवी मी आधी "जेवलास का" असं विचारते. आज विचारत नाही. ज्याला एवढा माज चढतो त्याचं पोट भरलेलंच असणार.

काल तुमचा सामना इथे गांगनुंगात होता, आणि मी मैदानावर आले नाही. रविवारी दुकान बंद ठेवता येत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. पण गोल तूच केलास हे मला रेडिओ लावायच्या आधीच कळलं, एवढा आरडाओरडा रस्त्यावरून ऐकू आला. मी खुशीत येऊन जेवणाऱ्यांना एकेक वाडगा टोफू जास्तीचा वाढला. तासाभराने मैदानावरची माणसं दुकानात शिरली. त्यांची तोंडं बघून मला वाटलं, हरलात की काय!

हरला नव्हतात. जिंकलात, आणि मग तू डोक्यावर टॉवेल ओढून सरळ बसमध्ये जाऊन बसलास. तीनशे माणसं सकाळपासून थांबली होती. शेतकी शाळेची जुनी पोरं बॅनर घेऊन आली होती. तू एकाकडेही पाहिलं नाहीस म्हणे. आणि हाम आजोबा, सायकल दुरुस्तीवाले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तेंदूफळांची टोपली घेऊन तुझ्यापुढे आले, तर तू ती हाताने उडवलीस. फळं लोकांच्या पायाखाली चेंगरली. तू खिडकीला पडदा लावलास.

आज पेपरात फोटो आहे. खाली चिखल झालेली तेंदूफळं, वर तो पडदा. मथळा दिलाय, "गांगनुंगचा मुलगा गांगनुंगलाच विसरला".

जेवायला आलेली माणसं भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघून बोलायला लागली, म्हणून मी तो उतरवला आणि सोयाबीनच्या पोत्यांमागे ठेवला. तुझी आई असती तर तिने काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. ती माझ्यापेक्षा मऊ होती. मी तिची थोरली बहीण, तिच्यामागे तुला वाढवलं, आणि मला एकच विचारायचं आहे.

का?

मावशी

*

संघाचं वसतिगृह, मासान
२७ ऑक्टोबर १९९१

मावशी,

जेवलो. तू विचारलं नाहीस तरी सांगतो.

का, याचं उत्तर सोपं आहे. दमलो होतो, म्हणून जाऊन बसलो. नव्वद मिनिटं धावलो, गोल केला, माझं काम संपलं. सुतार कपाट करून देतो तेव्हा गिऱ्हाईक त्याला म्हणतं का, की कपाट झकास झालंय, पण आता जरा हसून दाखव? तुझ्याकडे जेवून उठलेला माणूस म्हणतो का, की टोफू छान होता, पण बुन्ये ताईने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही, तिने माफी मागावी?

आम्हालाच का? आम्ही पेपरात दिसतो म्हणून? सही दिली तर "दिखाऊ", नाही दिली तर "गर्विष्ठ". गोल केल्यावर नाचलो तर "डोक्यात हवा गेली", नाही नाचलो तर "बघा, याला गोलचंही काही वाटत नाही". मी अकरा वर्षं हेच ऐकतोय.

आणि ती तीनशे माणसं मी ओळखतो. मी सोळा वर्षांचा होतो. दानोच्या जत्रेतला सामना, आमची शेतकी शाळा विरुद्ध व्यापारी शाळा. मी पेनल्टी घालवली. त्या संध्याकाळी आपल्या दुकानाच्या दारावर मुळे येऊन आदळले. तू मला आत कोंडलंस आणि एकटी दारात जाऊन उभी राहिलीस. हीच माणसं होती ती! तेव्हा त्यांनी माझी माफी मागितली? मग मी देशाच्या संघात गेलो, तशी तीच माणसं "आमचा मुजिन, आमचा मुजिन" करायला लागली. मी त्यांचा नाही. त्यांनी मला विकत घेतलेलं नाही.

टोपली मी उडवली नाही. गर्दीत हात लागला.

मॅनेजर म्हणतात, स्वतःच्या हाताने माफीनामा लिही, पेपरात छापू. मजकूरही त्यांनीच तयार करून आणला होता. "माझ्या उद्धटपणामुळे दुखावलेल्या सर्वांपुढे मी मान खाली घालतो" वगैरे. मी फाडला.

फोटो उतरवलास ते बरं केलंस. मला तो कधीच आवडला नव्हता.

मुजिन

*

छोदांग
४ नोव्हेंबर १९९१

मुजिन,

टोफूवालीला टोफूची उदाहरणं देऊ नयेत. बावीस वर्षं मी हे दुकान चालवतेय, आणि बावीस वर्षं लोक म्हणतायत, बुन्येचं तोंड शिळ्या मुळ्यासारखं. तोंडावर म्हणतात. मी हसत नाही म्हणून दोन कुटुंबांनी यायचं सोडलं. तेव्हा लोक तुलाच बोलतात असं समजू नकोस, एवढा मोठा तू झालेला नाहीस.

मुळ्यांचं मात्र खरं लिहिलंस. मला वाटलं होतं तू विसरला असशील. दुसऱ्या दिवशी त्यांतले चांगले मुळे निवडून, खारवून मी किमची घातली होती. तीच आपण महिनाभर खाल्ली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता माझं ऐक. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एवढं भांडायचं पत्र लिहिणारा माणूस दमलेला नसतो, तो काहीतरी लपवत असतो. मी आठवायला बसले.

चुसोकच्या सणाला तू आला होतास. पितरांपुढे सगळे गुडघे टेकून नमस्कार घालत होते, तू उभ्यानेच कमरेत वाकलास. तुझे काका किती भडकले! "देशाच्या संघात गेला म्हणून पितरांपेक्षा मोठा झाला का?" मीही त्यांच्याच बाजूने बोलले होते. जेवतानाही तू एक पाय लांब पसरून बसलास, जहागीरदारासारखा. ओट्यावर चढताना प्रत्येक वेळी उजवाच पाय आधी टाकत होतास. मी पाहत होते, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही.

डावा गुडघा ना?

तुला हे आजच सांगायला हवं, कारण काल ग्वाक आले होते. लाकडाच्या वखारीवाले, आता तुझ्या समर्थक मंडळाचे अध्यक्ष आहेत. बरोबर चौघे. म्हणाले, तुमच्या संघाच्या साहेबांशी बोलणं झालंय. १७ तारखेला तू शाळेच्या मैदानावर येणार, सगळ्या गावासमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून मोठा नमस्कार घालणार, आणि विषय संपणार. त्यांनी तारीख ठरवूनही टाकली आहे.

मी त्यांना गुडघ्याचं सांगू का? एका वाक्याचं काम आहे. उद्या हेच लोक औषधं घेऊन येतील.

मावशी

*

मासान
९ नोव्हेंबर १९९१

मावशी,

सांगू नकोस. हे पत्र जलद टपालाने पाठवतोय ते एवढ्यासाठीच.

हो, डावा. आतली कूर्चा, हाडांमधली गादी, फाटली आहे, एप्रिलपासून. दर सामन्याआधी इंजेक्शन घेतो. ते साधारण दोन तास टिकतं. गांगनुंगला सामना उशिरा सुरू झाला आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत औषध उतरलं. बसपर्यंतची ती चाळीस पावलं मी कसा चाललो ते मला माहीत. टॉवेल घेतला तो चेहरा दिसू नये म्हणून. पडदा लावला आणि आत उलटी केली.

आणि एक. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बसच्या पायरीवर चढायला मला कठडा धरायचा होता आणि तिथे टोपली आली. मी ती उडवली. जोरात. मुद्दाम. मी हाम आजोबांचा चेहरा पाहिला, आणि तरी चढलो.

आता का सांगायचं नाही ते ऐक.

सांगितलं तर काय होईल मला दिसतंय. "अरेरे, बिचारा, आम्हाला काय ठाऊक!" सगळे मला माफ करतील. पण कशाबद्दल माफ करतील? कामावरून उठून गाडीत जाऊन बसलो याबद्दल? तो गुन्हाच नाही. माझे दोन्ही गुडघे धडधाकट असते तरी त्या दिवशी मला सरळ जाऊन बसायचा हक्क होता. गुडघा दाखवून सुटका करून घेतली तर पुढच्या पोराचं काय? त्याचा गुडघा चांगला असेल, फक्त मन जाग्यावर नसेल, त्याने काय दाखवायचं?

वाकता येत नाही म्हणून हा वाकत नाही, असं कुणी म्हणू नये. वाकायचं नाही म्हणून मी वाकत नाही.

मॅनेजरना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "१७ तारखेला आला नाहीस तर पुढच्या मेपर्यंत तुझ्यावर बंदी." त्यांना गुडघ्याचं सगळं माहीत आहे. इंजेक्शनं त्यांनीच देववली. माझ्या जागी दुसरा कोणी तयार होईपर्यंत बाहेर कळू नये, अशी त्यांची इच्छा. मी विचारलं, "साहेब, मला गुडघे टेकता येत नाहीत हे ठाऊक असून तुम्ही तारीख कशी दिलीत?" तर म्हणतात, "त्या दिवशी दोन इंजेक्शनं घेऊ."

मी हसलो. खूप हसलो. आता खोलीत एकटा आहे, तरी हसू येतंय.

तू आता मला गर्विष्ठ म्हण. तुझ्याकडून चालेल.

मुजिन

*

छोदांग
१८ नोव्हेंबर १९९१

मुजिन,

काल काय झालं ते सांगते, पेपरवाले त्यांच्या पद्धतीने सांगतीलच.

वारा सुटला होता. चारशे-पाचशे माणसं शाळेच्या मैदानावर जमली. तू येणार नाहीस हे मला माहीत होतं, त्यामुळे मी दुकानात बसून सोयाबीन निवडत होते. दुपारी ग्वाक आले, मागे वीसेक जण. बूटसुद्धा न काढता दारात उभे.

"बुन्ये ताई, अख्खं गाव थंडीत दोन तास उभं राहिलं. तुमचा राजपुत्र आला नाही."

"गावाला मी बोलावलं होतं का?"

"एकदा गुडघा टेकला असता तर काय झिजला असता?"

झिजला असता म्हणाले, मुजिन. माझ्या जिभेवर आलं होतं. एक शब्द सोडला असता तर ते वीसच्या वीस जण माना खाली घालून निघून गेले असते. मी दात इतके दाबले की कानशिलं दुखली. तुला शब्द दिला नव्हता मी, पण तू जलद टपालाने पाठवलं होतंस.

मग मी म्हटलं, "ग्वाक साहेब, मागच्या वर्षी तुमच्या वखारीच्या गाडीने माझी मागची भिंत पाडली. तुम्ही माझ्यापुढे गुडघे टेकलेत?"

"ते वेगळं. मी भिंत बांधून दिली. आणि तुमच्या मुजिनला आम्ही मोठं केलंय."

"मोठं मी केलं," मी म्हटलं. "तुम्ही टाळ्या वाजवल्यात. टाळ्यांनी पोर वाढत असतं तर मी पहाटे उठून जातं कशाला फिरवलं असतं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "नाक ढगात गेलंय त्याचं!"

"मग तुमचं कशाला अडतंय? तुमच्या ताटात तर नाही ना आलं? जेवायचं असेल त्यांनी बूट काढा. नसेल त्यांनी दार लावून घ्या, वारा येतोय."

माझ्या हातात वाढायचा डाव होता. कुणाला मारला नाही, पेपरात तसं आलं तर विश्वास ठेवू नकोस. टेबलावर आपटला, त्याची दांडी वाकली. आपल्या घरात काल वाकलं ते तेवढंच.

आता तुझी पाळी. मी तुझ्या बाजूने उभी राहिले म्हणून तू सुटलास असं नाही. तीनशे माणसांचं तू काही देणं लागत नाहीस, हे मला पटलं. पण एका माणसाचं लागतोस. हाम आजोबांनी तुझ्याकडे सही मागितली नव्हती, नमस्कार मागितला नव्हता. ते द्यायला आले होते. त्यांच्या हातून तू टोपली उडवलीस आणि चेहरा पाहून चढलास. हा गुडघ्याचा दोष नाही, हा तुझा आहे. त्याला माज म्हणतात. लोकांनी चुकीच्या जागी बोट ठेवलं, पण माज होता.

दुकान नेहमीसारखं चालू आहे. काळजी करू नकोस.

मावशी

*

सोल, रुग्णालय
३ डिसेंबर १९९१

मावशी,

उद्या सकाळी गुडघा उघडणार आहेत. मीच ठरवलं, कुणाला विचारलं नाही. बंदी घातलीच आहे तर वेळ आहे. पेपरात आलंय की मी रागाने गायब झालो, सराव सोडला, दारू पितो. छापू देत.

मी गांगनुंगला येऊन गेलो. २५ तारखेला. तुला सांगितलं नाही, त्याचं कारण शेवटी लिहितो.

हाम आजोबांच्या घरी दुपारी पोहोचलो. ते अंगणात हिवाळ्याच्या किमचीची मडकी पुरायला खड्डा खणत होते. मला पाहिलं आणि खणतच राहिले. मी म्हटलं, "आजोबा, मी मुजिन."

"माहीत आहे. एवढ्या मोठ्या आवाजात चालणारा दुसरा कोण येणार? डावीकडची बेअरिंग गेलीय तुझी."

मी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जन्म सायकलींत गेला. कुठलं चाक झिजलंय ते मला आवाजावरून कळतं." मग आत गेले आणि एक उंच स्टूल आणून ठेवलं. "जमिनीवर बसू नकोस."

मी स्टुलावर बसलो नाही. उभ्यानेच म्हटलं, "आजोबा, टोपली मी मुद्दाम उडवली. गर्दीमुळे नाही. चूक झाली माझी."

"हो, झाली," ते म्हणाले. "मला राग आला होता. सहा दिवस होता. सातव्या दिवशी थंडी वाढली, कोबी घरात आणायचा होता, त्या गडबडीत राहून गेला."

"लोक म्हणतात मी गर्विष्ठ आहे."

"आहेसच. सोळाव्या वर्षीही होतास. दोन पोरं मोकळी असायची आणि तू स्वतःच मारायचास. नम्र फॉरवर्ड चेंडू बाजूला देतो, त्याला बघायला कोण जाईल? माज मैदानात ठेव. माझ्या अंगणात आणू नकोस, एवढंच."

मग म्हणाले, "आता आलाच आहेस तर खड्डा पूर्ण कर. हात तर चांगले आहेत ना?" मी उभ्याउभ्या तासभर खणलं, मावशी. त्यांनी एकदाही शाबासकी दिली नाही. निघताना माफ केलं असंही म्हणाले नाहीत. मला त्याने फार बरं वाटलं.

आता ते कारण. तिथून मी तुझ्याकडेच येत होतो. रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. ऐन जेवणाची वेळ होती. दुकानात एकच माणूस होता, आणि तू मागच्या दारी भांडंभर टोफू डुकरांच्या बादलीत ओतत होतीस. तू लिहिलं होतंस, नेहमीसारखं चालू आहे. मला रस्ता ओलांडता आला नाही.

मी तिथे उभं राहून पहिल्यांदा विचार केला, की जाऊन शाळेच्या मैदानावर कपाळ टेकावं. खरंच केला. दोन मिनिटं.

तू सांग. टेकू का? तुझ्यासाठी टेकीन.

मुजिन

*

छोदांग
६ डिसेंबर १९९१

गाढवा,

माझ्यासाठी टेकायचा असता तर मी डाव कशाला वाकवला? खबरदार!

डुकरांना थंडीत चांगलं खायला मिळालं, त्यांची काही तक्रार नाही. तुझ्या आईच्या आजारपणात ही जागा चार महिने बंद होती, तरी उघडली. लोकांना टोफू आवडतो, माझं तोंड आवडत नाही. हे असंच होतं, असंच राहील. आज सात टेबलं भरली होती. या वेळी खरं सांगतेय.

शनिवारच्या बसने येते. खिंडीत बर्फ आहे म्हणतात, उशीर होईल. नर्सबायांशी नीट वाग. त्यांना माझ्याइतकी सवय नाही तुझी.

मावशी

*

छोदांग
८ जून १९९२

मुजिन,

तू काल बसमधून हात केलास तो मी पाहिला. मी केला नाही, कारण मी दोन्ही हातांनी खांब धरला होता. ते का, ते आता लिहिते.

दुकान बंद ठेवलं मी काल. जत्रेच्या आठवड्यात, रविवारी! दारावर कागद लावला, "मैदानावर गेले आहे". तिसऱ्या रांगेत बसले. सात महिन्यांनी तू पहिल्यांदा खेळणार, आणि तेही इथे. पासष्टाव्या मिनिटाला तुझा नंबर वर गेला. मुजिन, मी समुद्राकाठी जन्मले, वादळं ऐकली आहेत, पण एवढी माणसं एकदम "हूऽऽ" करतात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तू मैदानात उतरलास तेव्हा इकडे पाहिलंही नाहीस. चांगलं केलंस. माझ्या मागे एक जाडा माणूस होता, त्याने तर तुझ्या सात पिढ्या बाहेर काढल्या. त्यांत मीही आले.

पहिले दोन चेंडू तू घालवलेस. हसले लोक. "गुडघा टेक, गुडघा टेक," असं गाणंच सुरू झालं. ग्वाक समोरच्या बाजूला होते, तेही टाळ्या देत होते. तू घाबरलास का? मला तरी दिसला नाहीस घाबरलेला. मी मात्र घाबरले होते.

मग चौऱ्याऐंशीवं मिनिट. तुला चेंडू मिळाला. उजवीकडे तुमचा एक खेळाडू मोकळा, डावीकडे दुसरा, दोघे हात वर करून ओरडतायत. मला फुटबॉल कळत नाही, पण एवढं कळलं की द्यायला हवा होता. तू दिला नाहीस. एकाला चुकवलंस, दुसऱ्याला चुकवलंस. आणि बाळा, ते गाणं थांबलं. कुणी थांबवलं नाही, आपोआप थांबलं. सगळे उभे राहिले, शिव्या घालणारे आधी उभे राहिले. त्या जाड्या माणसाने माझा खांदा असा गच्च धरला की अजून काळा-निळा आहे. तो ओरडत होता, "मार, मुजिन! स्वतः मार!" डाव्या पायाने मारलास. त्याच पायाने.

वरच्या दांडीला लागला. तो आवाज मला अजून येतोय. ठण्ण! चेंडू बाहेर गेला आणि अख्ख्या मैदानाच्या तोंडून एकच "आऽऽ" निघाला. मी इकडेतिकडे पाहिलं. माणसं डोकं धरून बसली होती. ग्वाकनी टोपी जमिनीवर फेकली.

मग पुन्हा शिव्या सुरू झाल्या. "दिला असता तर! एवढा कसला माज!" सामना बरोबरीत सुटला. बाकीचे खेळाडू रांगेत उभे राहून प्रेक्षकांपुढे वाकले. तू सरळ बसकडे चाललास. लंगडत नव्हतास, हे मी नीट पाहिलं. टॉवेल खांद्यावर होता, तोंड उघडं होतं. मी खांब धरून उभी राहिले.

माझ्या शेजारी एक बाई होती, परगावची, जत्रेला आलेली. छान नीटनेटकी, हातात पंखा. तुझ्याकडे बघत मला म्हणाली, "काय गर्विष्ठ आहे हो हा माणूस! असा कसा निपजला?"

मी म्हटलं, "माझ्यावर गेलाय."

मावशी